ट्रेनरवरची सफर : लंडन, न्यूयॉर्क आणि एकवीस वळणं

रजा मंजूर झालेली, सायकलीचं सर्व्हिसिंग झालेलं, पॅनिअर बॅगा भरून दाराशी उभ्या. आणि ऐन वेळी बेत फिसकटला. एकाला ऑफिसने अडवलं, एकीचा गुडघा सुजला, आणि तिसऱ्याने ‘बघतो, कळवतो’ म्हणून जे मौन धरलं ते धरलंच. एकटीनेही गेले असते, पण पावसाने असा मुक्काम ठोकला होता की रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टासुद्धा दिसेना. रजा परत करायला मन होईना. म्हटलं, आठवडाभर सायकलवर फिरायचं ठरलंय ना, मग फिरायचंच. मागच्या चाकाच्या जागी ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच धरून पेडलला भार देणारं यंत्र, लावायचा, समोर स्क्रीनवर झ्विफ्ट हे आभासी रस्ते दाखवणारं ॲप सुरू करायचं आणि रोज नवा मुक्काम गाठायचा. याला प्रवासवर्णन म्हणायला कुणाची हरकत असेल तर असो. जागेवरून इंचभरही हलले नाही, पण कपडे रोज पिळून काढावे लागले.

सोमवार : वाटोपिया

निघण्याआधीची खटपट इथेही चुकत नाही. माझा ट्रेनर डायरेक्ट ड्राइव्ह प्रकारचा आहे. मागचं चाक काढायचं, फ्रेम ट्रेनरवर बसवायची आणि चेन थेट त्याच्या कॅसेटवर (गिअरच्या दातेरी चकत्यांवर) चढवायची. दुसऱ्या प्रकारात चाक जागेवरच राहतं आणि टायर एका रोलरवर दाबून बसवतात. सुरुवातीला तो पुरतो, मात्र टायर झिजतो, आणि टायरमधली हवा किंवा रोलरचा दाब जरा बदलला की वॅटचा, म्हणजे पेडलवरच्या ताकदीचा, आकडाही बदलतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटं चालवून टायर गरम झाला की स्पिनडाउन करून घ्यावं लागतं : वेग वाढवायचा, पाय थांबवायचे आणि चाक थांबायला किती वेळ घेतं ते यंत्राला मोजू द्यायचं. तिसरा प्रकार सर्वांत जुना. जमिनीवर तीन रोलर आणि त्यांच्यावर मोकळी सायकल. तोल आपला आपण सांभाळायचा. पेडलिंग सुधारायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पण त्यावर बसून देखावे बघत फिरायचं हे माझ्या आवाक्यातलं काम नव्हे.

माझ्या चाकातली आणि ट्रेनरवरची, दोन्ही कॅसेट अकरा गिअरच्या. तरी दोन्हींची बैठक केसभर वेगळी असतेच. मधल्या गिअरवर आल्यावर टिक, टिक, टिक सुरू झालं. चेन शेजारच्या दात्याला निसटता स्पर्श करत होती. गिअर बदलणाऱ्या मागच्या डिरेलरजवळच्या बॅरल ॲडजस्टरला, म्हणजे वायर ताणायच्या फिरकीला, पाव फेरा दिला, आवाज निम्मा झाला. आणखी अर्धा पाव दिला, आवाज थांबला. चाक परत लावताना तेवढाच उलटा फिरवावा लागतो, म्हणून ॲडजस्टरवर मार्करने बारीक रेघ मारून ठेवली आहे. दर वेळी अंदाजाने चाचपडत बसण्यापेक्षा हे बरं.

मग जोडणी. ट्रेनर दोन भाषांत बोलतो, ब्लूटूथ आणि अँट प्लस. अँट प्लसवर तो आकाशवाणीसारखा सगळ्यांना एकदम ऐकू जातो. ब्लूटूथवर मात्र बरेच ट्रेनर एका वेळी एकाशीच जोडले जातात. स्क्रीनवर ट्रेनर सापडत नसेल तर निम्म्या वेळा खिशातल्या फोनने त्याला आधीच पकडून ठेवलेलं असतं. फोनचं ब्लूटूथ बंद केलं आणि निघाले.

झ्विफ्ट हे ॲप २०१४ पासून आहे आणि वाटोपिया हे त्याचं कायम खुलं असणारं बेट. बेट कल्पनेतलं असलं तरी नकाशावर त्याला खरी जागा दिली आहे : पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांपैकी तेआनू. त्यामुळे राइड संपून स्ट्राव्हावर (राइडची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर) चढली की आपली रेघ थेट त्या समुद्रात उमटलेली दिसते. रस्ते काही विचारू नका. एक काचेच्या बोगद्यातून समुद्राच्या तळाशी जातो, डोक्यावरून मासे पोहतात. एक ज्वालामुखीत शिरतो. जंगलातला रस्ता मातीचा आहे आणि तिथे रोड बाइक घेऊन गेलं तर वेग खरोखरच कमी होतो, ॲपला त्यातला फरक कळतो. मी पहिल्या दिवशी समुद्रकाठचा सपाट रस्ता धरला. पाय मोकळे करायचे, एवढंच.

पण पाय मोकळे व्हायच्या आधी अंग तापलं. घरात सायकल चालवण्याचं पहिलं सत्य हे की वारा लागत नाही. शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिचा जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचतो, बाकी सगळी उष्णता. म्हणजे पेडलवर १५० वॅट दिसत असतील तर अंगातून साडेचारशेच्या आसपास वॅट नुसती धग बाहेर पडत असते. रस्त्यावर ताशी २५-३० किलोमीटरने अंगावर येणारी हवा ती उडवून नेते. खोलीत ती तिथल्या तिथेच घुटमळते. रक्त त्वचेकडे वळतं, घामाने पाणी कमी होतं, आणि वॅट तेवढेच असूनही हृदयाचे ठोके हळूहळू चढत राहतात. नव्याने ट्रेनर घेणारे मला विचारतात, कुठला घेऊ? मी म्हणते, आधी पंखा कुठला घेताय ते सांगा. छताचा नाही. समोरून, छातीच्या उंचीवर, जोराचा झोत देणारा. ट्रेनरच्या अचूकतेतला एक-दोन टक्क्यांचा फरक तुम्हाला जाणवणार नाही. पंख्याचा जाणवेल.

आईने दार किलकिलं करून विचारलं, “कुठवर आलीस?”

“समुद्राखाली आहे.”

“बरं. वर आलीस की जेवायला ये.”

मंगळवार : लंडन

वाटोपिया रोज खुलं असतं, बाकीची जगं पाळीपाळीने उघडतात. मंगळवारी लंडन होतं. टॉवर ब्रिजवरून, थेम्सच्या काठाने, सगळे सिग्नल हिरवे असल्यासारखं भर शहरातून सुसाट जायचं आणि मग एका वळणावर चक्क भुयारी रेल्वेच्या स्टेशनात उतरायचं. बोगद्यातून बाहेर पडलं की आपण सरे परगण्याच्या टेकड्यांमध्ये असतो. प्रत्यक्षात हे अंतर तासाभराच्या वर आहे. ज्याने हा बोगदा सुचवला त्याला रस्त्यातला कंटाळवाणा भाग कापण्याची कला अवगत आहे.

टेकड्यांपैकी बॉक्स हिल हा सुमारे तीन किलोमीटरचा चढ, सरासरी चार-पाच टक्क्यांचा. सोपाच, पण त्याचं नाव मोठं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रोड रेस इथूनच गेली. पुरुषांनी बॉक्स हिलला नऊ फेऱ्या मारल्या, बायकांना दोनच दिल्या. त्या दिवशी बायकांच्या शर्यतीत पाऊस कोसळत होता आणि नेदरलँड्सच्या मारियान्ने फॉसने ब्रिटनच्या लिझी आर्मिटस्टेडला शेवटच्या धावेत मागे टाकून सुवर्ण नेलं. ती चित्रफीत कुठे मिळाली तर जरूर बघा. दोन फेऱ्यांची शर्यत म्हणून ती कुठेही कमी वाटत नाही.

चढावर स्मार्ट ट्रेनर आपोआप जड होतो. इथे एक गोष्ट नव्या लोकांना गोंधळात टाकते. ॲपमध्ये ‘ट्रेनर डिफिकल्टी’ नावाची एक पट्टी असते आणि ती मुळात अर्ध्यावर ठेवलेली असते. म्हणजे स्क्रीनवर आठ टक्के चढ असला तरी पायाला चार टक्क्यांसारखा लागतो. लगेच शंका येते की ही फसवणूक झाली. तसं नाही. वर पोचायला जेवढे वॅट लागायचे तेवढेच लागतात, वेग त्यावरूनच ठरतो. पट्टी फक्त गिअर किती वेळा बदलावे लागतील आणि पेडल किती जड लागेल हे ठरवते. माझ्या सायकलीवर मागे मोठं कॅसेट नाही, त्यामुळे पट्टी पूर्ण चढवली तर तीव्र चढावर केडन्स, म्हणजे पेडलचे मिनिटाला होणारे फेरे, पन्नासच्या खाली जातो आणि गुडघे कुरकुर करतात. मी ती अर्ध्यावरच ठेवते आणि त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही.

कमीपणा वाटावा अशी गोष्ट वेगळी आहे : वजन. चढावरचा वेग वॅटला किलोने भागून ठरतो, आणि वजन आपलं आपण लिहायचं असतं. चार किलो कमी लिहिले की बॉक्स हिल एकदम लहान होते. अशी माणसं ओळखू येतात. चढावर ती शांतपणे आपल्याला मागे टाकतात आणि सपाटीवर कुठे दिसत नाहीत.

बुधवार : मुक्काम लंडनचाच, पण फिरणं नाही

सफरीत एखाद्या दिवशी गावातच थांबून कपडे धुवावेत तसा हा दिवस. नजारे बंद, नुसती कसरत. ज्यांना घरातला सराव म्हणजे नेमकं काय ते बघायचं आहे त्यांनी हाच दिवस बघावा.

सगळं बेतलेलं असतं ते एफटीपी या आकड्यावर. साधारण तासभर टिकवता येईल अशी आपली जास्तीत जास्त ताकद, वॅटमध्ये. तो काढायची जुनी रीत म्हणजे वीस मिनिटं जीव तोडून चालवायची आणि सरासरीतून पाच टक्के वजा करायचे. हल्ली रॅम्प टेस्ट जास्त चालते : दर मिनिटाला भार वीस वॅटने वाढत जातो आणि पाय जिथे नकार देतात तिथे परीक्षा संपते. सर्वांत चांगल्या मिनिटाचे तीन चतुर्थांश धरायचे. माझं ते मिनिट २२८ वॅटचं होतं, म्हणून एफटीपी १७१. ज्यांना छोट्या झटक्यांत ताकद लावता येते त्यांचा आकडा या रीतीने जरा फुगतो आणि मग पुढचा सगळा सराव अंगावर येतो. अशांनी वीस मिनिटांचीच परीक्षा द्यावी.

बुधवारचा बेत होता चार-चार मिनिटांचे तुकडे, एफटीपीच्या थोडे वर, मध्ये तीन मिनिटं हलकं. हे अर्ग मोडमध्ये करतात. त्यात भार ट्रेनरच्या हाती असतो. १८० म्हटलं की १८०. आपण कुठल्याही गिअरमध्ये असलो, जोरात फिरवलं किंवा हळू, तो आपल्याकडून तेवढेच वसूल करतो.

यातच एक सापळा आहे. ताकद म्हणजे पेडलवरचा जोर गुणिले फिरण्याची गती. नव्वदचा केडन्स साठवर आला की तेच १८० वॅट द्यायला जोर दीडपट लागतो. पाय दमले की गती उतरते, गती उतरली की ट्रेनर आणखी जड होतो, जड झाला की गती अजून उतरते. दहा-बारा सेकंदांत पेडल चिखलात रुतल्यासारखं थांबतं. यावर उपाय एकच, उतरायला लागायच्या आधी सावध होणं. तुकडा सुरू व्हायच्या पाच सेकंद आधी मी केडन्स पंचाण्णववर नेते, म्हणजे भार येऊन बसला तरी गाठीशी थोडी गती असते. आणि पुढे छोटी चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) लावते. मोठ्या रिंगवर ट्रेनरमधलं जड चाक, फ्लायव्हील, वेगाने फिरतं, त्याची गती आपल्याला ओढून नेते. छोट्या रिंगवर ती मदत कमी, पेडल चढावर असल्यासारखं लागतं. आवाजही कमी होतो, ही खालच्या मजल्यासाठी सोय.

तिसऱ्या तुकड्यात साधारण अडीच मिनिटांनंतर एक वेळ येते. घाम भुवईवरून डोळ्यात उतरतो, टॉवेल हँडलबारवरच असतो, पण हात उचलायला नको वाटतं. स्क्रीनवर पिवळी पट्टी सरकत असते, सेकंद मागे मागे जात असतात. बाहेर असते तर या वेळेपर्यंत एखादा उतार, एखादा गतिरोधक, एखादं वळण येऊन गेलं असतं आणि पायांना दोन-चार सेकंद मिळाले असते. इथे कोणी काही देत नाही. घरातला एक तास बाहेरच्या तासाहून लांब वाटतो तो यामुळे. रस्त्यावर आपण कितीतरी वेळ पेडल न मारताच जातो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

गुरुवार : न्यूयॉर्क

गुडघेवाली मैत्रीण गुरुवारी हजर झाली. तिच्या डॉक्टरांनी हलकं पेडलिंग करायला परवानगी दिली होती. तिच्या गावातून ती, माझ्या खोलीतून मी, आणि दोघींच्या कानात फोन.

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क मुळात सायकलवाल्यांचंच. प्रत्यक्षातली मोठी फेरी साधारण दहा किलोमीटरची आहे. ॲपमधलं न्यूयॉर्क मात्र भविष्यातलं आहे. बागेच्या झाडांवरून काचेचे रस्ते तरंगतात आणि खालची फेरी मारणारे लोक काचेतून मुंग्यांएवढे दिसतात. काचेवरचा चढ लांबीला काही नाही, दीडेक किलोमीटर, पण शेवटी पंधरा टक्क्यांच्या वर उभा होतो. तिच्या गुडघ्याला ते परवडणारं नव्हतं. आम्ही खालीच राहिलो.

“तू पुढे जा ना, माझ्यासाठी कशाला रेंगाळतेस,” ती म्हणाली.

“मागे बस गपचूप, वारा अडवतेय.”

हे थट्टेत म्हटलं, पण खरंही होतं. ॲपमध्ये दुसऱ्याच्या मागे लपलं की ताकद वाचते, सपाटीवर सुमारे पाव हिस्सा. मी १४० वॅटवर चालत होते तर ती शंभर-एकशे पाचवर माझ्यासोबत राहत होती. स्थिर वेगाने चालणारे यांत्रिक सोबतीही ॲपमध्ये असतात, रात्रंदिवस एकाच ठेक्यात फिरणारे, आणि त्यांच्यामागे पन्नास-साठ जणांचा घोळका बांधलेला असतो. त्यात शिरलं की वेळ जातो हे खरं. पण गप्पांसाठी माणूसच लागतं. बाहेर दोघी शेजारी-शेजारी चालवताना निम्मं बोलणं वाऱ्यात जातं, मागून गाडी आली की अर्धवट तुटतं. इथे तासभर सलग बोललो. इतकं सलग आम्ही कित्येक महिन्यांत बोललो नसू.

तिच्याकडूनच एक उपयोगी गोष्ट कळली. घरात सीट जास्त टोचते, कारण आपण हलतच नाही. रस्त्यावर खड्डा चुकवताना, वळताना, सिग्नलला उतरताना बैठक आपसूक बदलते. ट्रेनरने सायकल शिकंज्यात धरलेली, त्यामुळे भार तासभर त्याच दोन हाडांवर. ती फोनवर दर दहा मिनिटांचा गजर लावते आणि गजर झाला की अर्धं मिनिट उभी राहून चालवते. मी त्याच दिवशी लावला. बिब शॉर्ट्स (खांद्यावर पट्टे असलेली सायकलिंगची चड्डी) चांगली हवी, आत अंतर्वस्त्र नको, आणि राइड संपल्या संपल्या ती उतरवून अंग धुवायचं. ओल्या कपड्यात ईमेल बघत बसलं की पुरळ आलंच म्हणून समजा.

शुक्रवार : विसावा

पायांना सुट्टी, हातांना काम. बाहेरच्या सफरीनंतर सायकलीवर चिखल दिसतो म्हणून आपण ती धुतो. घरातल्या सफरीत ती स्वच्छ दिसते आणि तिथेच लोक फसतात. घामातलं मीठ चिखलापेक्षा वाईट. ते हँडलबारवरून टपकतं, हँडलबार धरणाऱ्या स्टेमच्या बोल्टच्या खोबणीत साचतं, हँडल जिथे फिरतं त्या हेडसेटच्या बेअरिंगपर्यंत उतरतं, टेपच्या खाली शिरून ॲल्युमिनियम पोखरतं. ओल्या फडक्याने पुसून घेतलं, स्टेमचे बोल्ट एकेक करून सैल केले, थोडं ग्रीस लावून टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा बसवले. एका बोल्टच्या माथ्यावर तांबूस ठिपका आलाच होता. ब्रशने घासून काढला. फ्रेमवर सीटपासून हँडलपर्यंत ताणून बसवायचं घामाचं कापड मिळतं, ते माझ्याकडे आहे, पण घाम त्याच्या कडेने वाट काढतो.

चेन झिजून किती लांबली ते मोजलं. मापपट्टीचं ०.५ टक्क्याचं टोक अजून आत जात नाही. अकरा-बारा गिअरच्या चेनला ते टोक गेलं की बदलायची वेळ झाली, नाहीतर ती कॅसेटलाही सोबत घेऊन जाते. घरात धूळ नसल्यामुळे चेन जास्त टिकते. मेण लावलेली असेल तर फरशीवर काळे डागही पडत नाहीत. खाली जाड रबरी मॅट आहे. तिचं खरं काम घाम झेलणं नाही, थरथर अडवणं आहे. ट्रेनर हल्ली चांगले शांत असतात, पण जमिनीतून जाणारी बारीक घरघर खालच्यांना रात्री फार ऐकू येते. मॅटखाली फोमचे चार तुकडे घातल्यापासून तक्रार आलेली नाही.

संध्याकाळी वजनकाट्याचा हिशेब मांडला. राइडआधी आणि नंतर अंग पुसून वजन करायचं. प्यायलेलं पाणी दोन्हींतल्या फरकात मिळवायचं. किलोचा फरक म्हणजे लिटरभर घाम. माझा तासाला एक लिटरच्या जरा वर निघाला. उद्यासाठी दोन बाटल्या, त्यातली एक मीठ-साखरेची.

शनिवार : एकवीस वळणं

फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या चढाची हुबेहूब नक्कल वाटोपियात आहे, नाव आल्प द्यू झ्विफ्ट. १२.२ किलोमीटर, १,०३६ मीटर उंची, सरासरी साडेआठ टक्के, आणि मूळ रस्त्यासारखीच एकवीस वळणं. त्यांचे आकडे उलटे मोजतात, एकवीसपासून एकपर्यंत. खऱ्या वळणांवर तिथे जिंकलेल्यांची नावं लावलेली आहेत. टूर द फ्रान्स इथे पहिल्यांदा १९५२ साली आली आणि इटलीचा फाउस्टो कॉप्पी जिंकला. २०२२ साली नव्याने सुरू झालेल्या बायकांच्या टूरला तिथे पोचायला २०२४ उजाडलं. शेवटच्याच दिवशी डेमी फोलेरिंगने तो चढ जिंकला, पण सगळ्या शर्यतीचा पिवळा जर्सी, म्हणजे एकूण विजेतेपद, पोलंडच्या कासिया नेविआडोमाने चार सेकंदांनी राखला. आठवडाभराच्या शर्यतीत चार सेकंद.

निघण्याआधी हिशेब केला. मी साठ किलो, सायकल आठ. साडेआठ टक्क्यांवर १५० वॅट लावले तर वेग ताशी नऊच्या किंचित खाली बसतो, म्हणजे एक तास वीस-बावीस मिनिटं. १५० हे माझ्या एफटीपीच्या ८८ टक्के. जमण्यासारखं, पण सुरुवातीला उत्साहात १७० मारले तर वरच्या टप्प्यात व्याजासकट फेडावे लागणार. चढाची सुरुवातच तीव्र आहे, तिथेच सगळे धावतात. मी आकड्यावर नजर ठेवून बसले. बाजूने माणसं जात राहिली, जाऊ दिली.

वळण १७ पर्यंत सगळं सुरळीत. वळणांवर रस्ता जरा सपाट होतो, ट्रेनर क्षणभर सुटतो, आणि तेवढ्यात एक घोट पिऊन घ्यायचा. स्क्रीनच्या बाजूला पार केलेल्या वळणांची यादी रंगांत भरत जाते आणि ती यादी हीच खरी सोबत. सबंध डोंगर कोणी चढत नाही, पुढचं वळण चढतात. वळण १० च्या आसपास ठोके १५८ वरून १६६ वर गेले, वॅट मात्र तेच. पंखा शेवटच्या वेगावर होता. टॉवेल जड झालेला. दुसरी बाटली उघडली, थोडं पाणी मानेवर ओतलं. ते खाली मॅटवर सांडलं, सांडू दिलं.

वळण ५ नंतर उभं राहून चालवायला लागले. ट्रेनरवर उभं राहणं विचित्रच असतं. सायकल डावी-उजवी झुलत नाही, त्यामुळे अंगालाच झुलावं लागतं, आणि फ्रेमवर नको तो ताण येतो. कार्बनच्या हलक्या फ्रेमवर मी ते फार करणार नाही. खाली डोलणारी फळी लावतात त्यांना हा त्रास नाही. पुन्हा बसले. शेवटची दोन वळणं तुलनेने सौम्य आहेत. तिथे १६५ वर नेलं आणि टिकलं. एक तास एकवीस मिनिटं.

वर पोचलं की एक चक्र फिरतं आणि बक्षीस मिळतं. सगळ्यांना हवी असतात ती मायलेनस्टाइन नावाची हलकी चाकं. मला मिळाले मोजे. न दिसणाऱ्या पायात घालायचे न धुवावे लागणारे मोजे. ७३० किलोज्यूल खर्च झाल्याचं दिसलं. पेडलवरचे किलोज्यूल आणि शरीराने जाळलेल्या कॅलरी यांचे आकडे जवळपास सारखे येतात, कारण एक (आहारातली) कॅलरी म्हणजे सुमारे ४.२ किलोज्यूल आणि शरीराची कार्यक्षमता सुमारे पाव. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. उतारावर पेडल मारायची गरज नाही, आपला पुतळा आपोआप घरंगळत खाली येतो. मी सायकलवरून उतरले, अंघोळ करून आले, तो अजून खाली पोचायचाच होता.

रात्री पाय वर करून पडल्या पडल्या २०२० सालच्या पहिल्या ई-स्पोर्ट्स विश्वविजेतेपदाचं रेकॉर्डिंग पाहिलं. वाटोपियाच्या याच रस्त्यांवरची शर्यत. पुरुषांत जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न जिंकला, जो मुळात नौकानयनपटू. बायकांत दक्षिण आफ्रिकेची ॲशली मूलमन पासिओ. अंतर दोघांना सारखंच होतं, पन्नास किलोमीटर. बॉक्स हिलच्या नऊ आणि दोन फेऱ्यांनंतर हे बघायला बरं वाटलं.

रविवार : बाहेर

पहाटे पाऊस थांबलेला. रस्ता ओला, पण दिसत होता. ॲडजस्टर रेघेवर आणला, चाक लावलं आणि निघाले.

पहिल्या वळणावरच कळलं की सहा दिवसांत पाय तयार झाले, बाकीची मी नाही. ट्रेनरवर ब्रेकला हात लागत नाही, खांद्यावरून मागे बघावं लागत नाही, वळणात वजन बाहेरच्या पेडलवर टाकावं लागत नाही. कोपरं ताठ राहिली होती. ओल्या पांढऱ्या पट्ट्यावरून मागचं चाक किंचित सरकलं तेव्हा हात आपोआप सैल झाले आणि मग जमलं. ज्यांचा सगळा सराव घरातच होतो त्यांनी घोळक्यात शिरण्याआधी एक-दोन राइड एकट्याने कराव्यात. वॅटच्या आकड्यात हे काही दिसत नाही.

पण चढ आला तेव्हा मजा आली. तेच १५० वॅट, आणि ठोके १४८. वारा समोरून येत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो आवडला. एरवी जिथे मी शेवटच्या टप्प्यात उभी राहते, तिथे बसूनच वर गेले, श्वास फुलला पण तुटला नाही. बुधवारचे चार-चार मिनिटांचे तुकडे इथे उपयोगी पडले. माथ्यावर पेडल थांबवलं. फ्रीव्हील टकटक करत राहिलं, सायकल नुसती जात राहिली.

घरी आल्यावर चाक काढून ट्रेनर पुन्हा लावून ठेवला आहे. रजा संपली तरी ॲपमधला व्हाँतूचा, म्हणजे फ्रान्समधल्या त्या नावाच्या डोंगराचा, चढ बाकी आहे. तो आल्पहून लांब, माझ्या ताकदीने जवळपास दोन तासांचा. गुडघेवाली म्हणते, पायथ्यापर्यंत येईन. दोन तासांसाठी एक पंखा पुरणार नाही, तेव्हा दुसरा बाजूने लावायला हवा, आणि हँडलबारची टेप काढून आत काय परिस्थिती आहे तेही एकदा बघायचं आहे.